पट्ट्या नसलेली स्क्रीन

महेश, तुझं तेरावं व्हायच्या आत मी आपला अक्षरजुळणीचा गाळा उघडला. बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, अगं तेरा दिवस तरी जाऊ दे, लोक काय म्हणतील. म्हणू देत. वैती गुरुजींचा फोन आला होता. 'कशी आहेस पोरी' एवढंच विचारलं त्यांनी आणि गप्प झाले. त्या गप्प होण्यातच मला कळलं की त्यांना पुस्तकाचं विचारायचंय आणि विचारवत नाहीये.

दोनशे पस्तीस पानं आहेत त्या पुस्तकाची. आमच्या कोळी लोकांचे शब्द. होडीच्या फळ्यांची नावं, जाळ्यांची, वाऱ्यांची, माशांची. चाळीस वर्षं गुरुजींनी चिठ्ठ्यांवर जमवलेले. तुला सांगायला नको, निम्मे शब्द तर माझ्या आईकडूनच नेलेत त्यांनी, बाजारात तिच्या मासळीच्या पाटीसमोर उकिडवं बसून. त्याच पाटीसमोर बसून त्यांनी तिला सांगितलं होतं, हिला कॉलेजात घाल. आई म्हणाली होती, 'कॉलेजात घालून मासळी मोठी व्हनार हाय का?' तरी घातलं. आमच्या खानदानातली पहिली बी.ए. मी, ती या माणसामुळे. आणि आता त्यांच्या डोळ्यांचा पडदा चाललाय. डॉक्टरांनी सांगितलंय, दोन महिने, फार तर तीन, मग छापील अक्षर दिसणार नाही. शेवटचं प्रूफ त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. बाकी काही मागत नाहीत ते.

आणि फाइल तुझ्या मशीनमध्ये.

चालू केलं. पुस्तक उघडलं. पान आलं, पांढरं, स्वच्छ, मधोमध मजकूर. आणि त्या पानाच्या वर, खाली, बाजूला काहीही नाही. फाइल, एडिट, व्ह्यू अशी वरची ओळ असते ती नाही. चित्रांच्या बटणांच्या पट्ट्या नाहीत. नुसतं पान. तू अकरा वर्षं असंच काम करायचास, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्या पानासमोर हात मांडीवर ठेवून बसणं वेगळं. गुरुजींच्या दुरुस्त्यांचे कागद बाजूला, शंभर तरी खुणा लाल पेनाच्या, आणि मला एक काना बदलायचा तर कुठून सुरुवात करायची ते कळेना.

माझ्या मशीनवर घेऊन बघितली फाइल. तिथे नवी आवृत्ती आहे, जोडाक्षरांच्या जागी चौकोन आले. वाऱ्यांच्या नावांचं पान तर सगळं चौकोनच.

मग मी मोबाइलवर व्हिडिओ लावला. पट्टी गायब झाली तर काय करायचं. तो माणूस हसत हसत सांगतो, 'एकदम सोपं आहे, व्ह्यूमध्ये जा, टूलबार्सवर क्लिक करा.' अरे बाबा, व्ह्यू त्या पट्टीतच आहे. हरवलेली पट्टी आणायची तर आधी त्या पट्टीत जायचं. असे सात व्हिडिओ बघितले मी. सातही जण मला त्याच बंद दारातून आत जायला सांगत होते.

मग कळा दाबून बघितल्या. कोणी म्हणतं कंट्रोल धरून 'जे' दाबा, सेटिंगची पेटी उघडते. दाबलं. पेटी नाही उघडली, पानावरचा सगळा मजकूर दोन रकान्यांत गेला. तू ती कळ स्वतःच्या कामाला लावलेली. दुसरी दाबली, पानाला चौकट आली, ती लाटांची, गुरुजींना आवडलेली. तिसरी दाबली तर मजकुराच्या शेवटी तो तुझा इवलासा मासा येऊन बसला, प्रकरण संपल्यावर टाकायचास तो. मी घाबरून मशीन बंद केलं. सेव्ह न करता. प्रत्येक कळ तुझं ऐकत होती, महेश. मी काही विचारावं आणि तू तिसरंच काहीतरी उत्तर द्यावंस, असं चाललं होतं. तुझी सवयच ती.

हे सगळं तू कुठे लिहून ठेवलं नाहीस. मी कितीदा म्हटलं, एक वही कर. तू म्हणायचास, 'बोटांका म्हायती आसा गो.' आणि मी एकोणीस वर्षं तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. मी वाचायची, तू लावायचास. माझी नजर पानावर असायची, कुठे ऱ्हस्व दीर्घ चुकलंय, कुठे रफार सुटलाय. तुझ्या बोटांकडे मी कधी बघितलंच नाही.

पट्ट्या तू का काढल्यास, ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. त्यावर आपण पुन्हा बोललो नाही. मला आता बोलायचंय.

अकरा वर्षांपूर्वी तू मशीनमध्ये काहीतरी उघडून मेनूची अक्षरं मोठी करायला गेलास आणि चुकून त्यांना आपला मराठी फाँट लावून बसलास. मी आईकडे होते, चौथ्या दिवशी आले. बघते तर वरच्या ओळीत फाइलच्या जागी 'थ्पसम', एडिटच्या जागी 'म्कपज'. सगळा मेनू तसा. मला हसू आवरेना.

'अरे हे काय? थ्पसम?'

'तीन दिवस झाले,' तू म्हणालास, शांतपणे, माऊस हलवत. 'काम अडलं का?'

शाळेच्या त्या बाई बसल्या होत्या समोर, स्नेहसंमेलनाची पत्रिका घेऊन. त्याही हसल्या. तूही हसत होतास. तिथे थांबायला हवं होतं मी. पण माझी जीभ. 'अडेल कसं?' मी म्हणाले. 'तो मेनू वाचतो कोण?'

बाई हसायच्या थांबल्या. तू पत्रिकेचं पान मोठं केलंस, लहान केलंस, परत मोठं केलंस.

तू इंग्रजीत दोनदा नापास झालेला, तिसऱ्यांदा बसलाच नाहीस. लग्नाआधी तूच सांगितलं होतंस मला, न लाजता. मेनूतला कुठला शब्द कितवा, एवढं तू जागेवरून ओळखायचास, शब्द म्हणून नाही. ओळीत तिसरा, मग खाली सहावा, मग बाजूला. ते मला माहीत होतं, आणि ते मी परक्या बाईसमोर काढलं. माझी बी.ए. तिथे वापरली. तीच बी.ए., जिचं सर्टिफिकेट तू फ्रेम करून प्रिंटरच्या वर लावलंयस आणि गिऱ्हाईक विचारायचं तेव्हा छाती काढून सांगायचास, 'माझा नाय, मालकीणबाईंचा.'

दुसऱ्या दिवशी मी आले तर मेनूच नव्हता. थ्पसमही नाही, फाइलही नाही. सगळ्या पट्ट्या तू काढून टाकल्या होत्यास.

'हे काय केलंस?'

'आता तुलाही वाचता येणार नाही,' तू म्हणालास. 'झालो सारखे.'

मला वाटलं आठ दिवस रुसशील. तू अकरा वर्षं रुसलास, आणि रुसत रुसत इतकं झकास काम करायला लागलास की बोरिवलीचे छापखानेवाले माणसं पाठवायचे तुझी स्क्रीन बघायला. बाकी सगळं तसंच होतं आपलं. एका डब्यातून जेवायचो, भांडायचो, कोलंबीवरून तर रोज. फक्त तो एक विषय नाही. दर गणपतीला मी ठरवायची, या वर्षी सांगते. म्हणजे काय सांगायचं होतं? की चुकले. एवढा एक शब्द. शुद्धलेखनाच्या हजार चुका काढल्या मी लोकांच्या, आणि स्वतःची एक चूक मला तोंडाने कबूल करता आली नाही. तुला वाटत असेल मी विसरले. मी नव्हते विसरले रे.

शेवटी दिनेशला बोलावलं, मशीन दुरुस्त करतो तो. आल्या आल्या बाहेर चपला काढून थोडा वेळ तुझ्या खुर्चीमागे उभा राहिला, बसला नाही. मग स्टूल ओढलं. अर्धा तास खटपट केली.

'वहिनी, महेशभाऊने सगळ्या चाव्या बदलल्यात. उजवं क्लिकपण बंद केलंय. एकच रस्ता आहे. प्रोग्रॅम चालू करताना एफ आठ दाबून धरायचं. कंपनीतून आलं तसं होतं सगळं. मेनू, पट्ट्या, सगळं जागच्या जागी.'

'आणि त्याचं?'

'भाऊचं सगळं पुसलं जाणार.'

'कॉपी करून ठेव ना कुठे.'

'ठेवतो. पण ती परत टाकली की परत पट्ट्या गायब. भाऊची मांडणी म्हणजेच पट्ट्या नाहीत ती. दोन्ही एकदम नाही मिळणार.' त्याने पेनड्राइव्ह लावला, फाइल घेतली, मला दाखवली. 'ही बघा.'

केवढीशी होती. लग्नाच्या पत्रिकेची फाइल तिच्यापेक्षा मोठी असते. एकोणीस वर्षं बसलास तू त्या खुर्चीत, पाठ वाकडी करून घेतलीस, आणि ते सगळं एवढ्याशात मावलं.

'करू का?' दिनेशने विचारलं.

'नको. मी करेन.'

तो गेला. मी नाही केलं. आठ दिवस नाही केलं. रोज गाळा उघडायची, तुझं मशीन चालू करायची, ते नुसतं पान बघायची आणि बंद करायची. गिऱ्हाइकं येऊन जात होती, मी माझ्या मशीनवर व्हिजिटिंग कार्डं करत होते. एकदा वाटलं गुरुजींना सांगावं, दुसरीकडे द्या, सगळं नव्याने टाइप करून घ्या. दोनशे पस्तीस पानं. कोण करणार? आणि ते शब्द दुसऱ्या कोणाला लागतील का नीट, तू लावलेस तसे? शब्दाला शब्द विचारून लावलेस तू. 'हा उच्चार कसा गो तुझ्या आईचा?' म्हणून चारदा माझ्याकडून म्हणवून घ्यायचास.

नवव्या दिवशी गुरुजींचा फोन.

'पोरी, आज पेपरातले मथळे भिंगाशिवाय दिसले नाहीत मला. मोठे असतात ना ते, ते.'

'डॉक्टरकडे गेलात का?'

'जाऊन काय? मी पुस्तकासाठी नाही केला हो फोन.'

'माहीत आहे गुरुजी.'

'तुझं दुःख मोठं आहे. मला कळतं.'

'उद्या आणते,' मी म्हणाले. 'परवा नक्की.'

फोन ठेवला, मशीन लावलं आणि एफ आठवर बोट ठेवून प्रोग्रॅम चालू केला. जास्त विचार केला असता तर नसतं झालं. इंग्रजीत प्रश्न आला, सध्याची मांडणी पुसून मूळची आणायची का? मला वाचता आला. पूर्ण वाचला मी तो, दोनदा. होय दाबलं.

पडदा क्षणभर काळा झाला आणि सगळं आलं, महेश. वरची ओळ आली, पट्ट्या आल्या, बाजूला रंगांचे चौकोन, खाली आकडे. पान बिचारं मधे आक्रसून गेलं. अकरा वर्षं मला जे परत हवं होतं ते सगळं समोर, आणि मी एकटीच बघणारी. मी ती माशाची कळ दाबली. काही झालं नाही. परत दाबली. लाटांची दाबली. दोन रकान्यांची दाबली, तर कसलीशी पेटी उघडली, त्या व्हिडिओवाल्याने सांगितलेली. मी टेबलावर डोकं टेकून रडले. तू गेलास त्या दिवशी इतकी नव्हते रडले. त्या दिवशी माणसं होती, चहा करायचा होता, सही करायची होती. या वेळी मीच माझ्या बोटाने तुला पुसलं होतं.

मग उठून तोंड धुतलं आणि काम केलं. तू असतास तर तेच म्हणाला असतास, नाटका नको, पान लाव. दोन दिवस लागले. दुरुस्त्या सगळ्या शब्दांच्या मधल्या होत्या, इथे काना, तिथे वेलांटी. मेनू वाचत वाचत, जिथे तुला एक सेकंद लागायचा तिथे मला पाच मिनिटं, पण झालं.

राहिलं शेवटचं पान. लेखक, प्रकाशक, मुद्रक, सगळं तू लावून ठेवलं होतंस. त्याखाली 'अक्षरजुळणी' असं लिहून पुढची ओळ मोकळी सोडली होतीस. काय टाकायचं होतं तुला तिथे? दुकानाचं नाव? माझं? बोलला नाहीस कधी. मी तुझं नाव टाइप केलं. महेश. स्पेसबार दाबला, आणि त्याचं झालं 'म्हेश'.

पुसलं. परत टाइप केलं. परत म्हेश.

मग लक्षात आलं. आपल्या जुन्या फाँटात नुसती कळ दाबली की पूर्ण अक्षर येतं, शिफ्ट धरून दाबली की अर्धं. आणि मशीनला वाटतं आपण इंग्रजीच लिहितोय. ओळीचा पहिला शब्द आला की ते आपणहून पहिलं अक्षर मोठं करतं, म्हणजे शिफ्ट दाबतं, म्हणजे म चा म् होतो. कंपनीतून येतं तेव्हा मशीन तसंच येतं. म्हणजे तू कधीतरी, कुठेतरी आत जाऊन, ते बंद करून आला होतास. मला सांगितलंही नाहीस. आपण लावलेल्या प्रत्येक पुस्तकातल्या प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं अक्षर तू शाबूत ठेवलं होतंस, आणि मला वाटायचं अक्षरं शाबूत असतातच.

ते बंद करायची खूण कुठे असते ते शोधायला बसले. सगळे मेनू उघडले. मला प्रत्येक शब्द वाचता येत होता. प्रत्येक. मोठ्याने वाचले मी ते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आतल्या पेट्यांतले, त्यांच्या आतल्या पेट्यांतले. आणि कुठे जायचं ते कळलं नाही. तुला त्यातला एक शब्द वाचता येत नव्हता आणि तू तिथे पोचला होतास. दिनेशला फोन केला असता तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं. नाही केला. तू कसा पोचलास ते मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

पण छापील पुस्तकात म्हेश कसा चालेल? तुझी आई गावाहून फोनवर तुला असंच हाक मारायची, ते ठीक. पुस्तकात तुझं नाव पूर्ण पाहिजे होतं मला. डोकं चालवलं. मशीन ओळीचा पहिला शब्दच मोडतं, दुसऱ्याला हात लावत नाही. म्हणजे तुझ्या आधी कोणीतरी उभं राहिलं की तुझा म वाचतो. मी माझं नाव टाइप केलं. सरिता. स्पेसबार. माझा स मोडला, अर्धा झाला. त्यापुढे लिहिलं, महेश. तसाच राहिला. पूर्ण.

प्रिंट काढली आणि गुरुजींकडे गेले.

ते खिडकीत बसून भिंग घेऊन सगळं बघत होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी शेजारी बसून पानं सरकवत होते. होडीचे शब्द, जाळ्यांचे शब्द. एकेका शब्दावर भिंग थांबायचं, ओठ हलायचे, पुढे सरकायचं. शेवटचं पान आलं. भिंग थांबलं.

'सरिता, हा स मोडलाय.'

'हो गुरुजी.'

'अर्धा पडलाय. पूर्ण करून आण.'

'राहू दे.'

त्यांनी मान वर केली. त्यांना नीट दिसत नसणार मी, तरी बघत राहिले माझ्या दिशेने. 'दोनशे पस्तीस पानांत मी एक चूक सोडली नाही आणि तू स्वतःच्या नावात सोडतेस? मराठी घेऊन बी.ए. झालीस ना गं?'

'झाले.'

'मग?'

'पुढचं नाव बघा गुरुजी. ते बरोबर आहे का?'

त्यांनी भिंग सरकवलं. बराच वेळ लागला त्यांना. एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं.

'म. हे. श,' ते म्हणाले. 'बरोबर आहे.'

'मग देते छापायला.'